एक मिनिट चाळीस सेकंद

चुडावा, ता. पूर्णा
८ जून २०२५

चि. रविकांतास,
अनेक आशीर्वाद.

तू आणि राजेश्री येऊन गेलात त्याला आज बारा दिवस झाले. पोचल्याचा तुझा फोन आला, पण मला विचारायचं होतं ते फोनवर विचारता आलं नाही. फोनवर मला रडू येतं आणि तू "बरं मामी, जप" म्हणून ठेवून देतोस. म्हणून कागद घेतला. उत्तरही कागदावरच दे. अकरावी-बारावीला तू आमच्या घरी राहून चुडाव्याहून रेल्वेनं पूर्ण्याच्या कॉलेजात गेलास, त्या हक्कानं सांगते.

तू ओसरीवर चहा पिता पिता राजेश्रीला सांगत होतास की तुमच्या मंडळात देशोदेशीची माणसं बसून इंटरनेटचे नियम लिहितात, आणि त्यातल्या एका नियमावर तू सहा वर्षं आहेस. फोनचा नंबर बंद पडला तर त्यावरचं खातं किती दिवस सांभाळायचं, असा तो नियम. "नव्वद दिवस. त्याहून जास्त कोण थांबतंय?" म्हणालास आणि हसलास. तेव्हा मी बशा उचलून आत गेले. तुम्हाला वाटलं, मामी आणखी चहा आणायला गेली.

मामा गेले एवढंच तुला माहीत आहे. बाकीचं मी कुणाला सांगितलं नाही.

त्या साली राणीचं पहिलं बाळंतपण म्हणून मी ऊसतोडीला गेले नाही. ते जीवनच्या जोडीनं कर्नाटकात गेले. जीवन म्हणजे त्यांचा चुलतभाऊ, तुला आठवत असेल. आमच्यात हंगामाला जाताना मोठा फोन घरी ठेवतात. फडात तो पडतो, फुटतो, पाचटात हरवतो. नंबर मामाच्या नावाचा, पण फोन माझ्याकडं. ते जीवनच्या फोनवरून त्यावर आवाज भरून पाठवायचे.

राणीच्या मुलाचं बारसं होतं त्या दुपारी त्यांचा आवाज आला. एक मिनिट चाळीस सेकंद, असं खाली आलं होतं. मी कानाला लावला. "कोकिळे, पोराचं नाव काय ठिवलं? आन् ऐक..." एवढं ऐकलं, तोवर बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. म्हटलं, निवांत ऐकू. पाव्हणे होते, पंगत बसायची होती. घरात बाळंतीण, त्यामुळं पुढचे दिवसही असेच गेले. चौथ्या दिवशी फडातून निरोप आला. छातीत कळ आली म्हणून ते उसाच्या मोळीवर बसले, ते उठले नाहीत. त्या धावपळीत जीवनचा फोन ट्रॅक्टरखाली गेला.

गेलेल्या माणसाच्या वस्तूला वर्ष होईपर्यंत हात लावायचा नाही, अशी आपल्या घरची रीत. तुझ्या आजीनं त्यांचा कोयता, टोपी, चपला आणि तो फोन त्यांच्याच टॉवेलात बांधून पेटीत ठेवला. मी विरोध केला नाही. खरं सांगते, मला बरंच वाटलं. ऐकायची छाती नव्हती. वर्षाचं झालं की ऐकायचं, असं ठरवलं आणि त्यावरच वर्ष काढलं.

वर्षश्राद्ध झालं, पाव्हणे गेले, मी पेटी उघडली. फोन चार्ज केला. खातं उघडायला नंबरवर आकडे पाठवतो म्हणालं. आकडे आले नाहीत. पूर्ण्याच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "मावशी, ह्यो नंबर दुसऱ्याला गेलाय. जुनं खातं बी पुसलंय. नवं काढून देऊ का?" घरी येऊन मी नव्या नंबरवरून जुन्या नंबरला फोन लावला. एका बाईनं उचलला. म्हटलं, "आप्पाराव हायेत का?" ती म्हणाली, "लय लोकं इचारतेत हो त्यांना. कोण होते ते?" मी फोन ठेवला.

त्यांचा आवाज दुसरीकडं कुठं नाही. राणीच्या लग्नाच्या व्हिडिओत ते दिसतात, तोंड हलतं, पण वर सगळा बँड आहे.

आता मला सांग. तो नियम तुमचाच का? आणि तो बदलला तर आवाज परत मिळतो का?

तुझी मामी,
कोकिळा


पुणे
२९ जून २०२५

प्रिय मामी,
नमस्कार.

तुझं पत्र तीनदा वाचलं. राजेश्रीला वाचायला दिलं, तर ती स्वयंपाकघरात निघून गेली.

हो, नियम आमच्याच गटाचा. २०१९ साली तो ठरला, तेव्हा बहुतेकांचं तसं मत पडलं. नंबर नव्या माणसाला गेला की जुन्याचे निरोप त्याच्या हाती पडू नयेत, म्हणून खातं पुसायचं. कारण खोटं नाही. प्रश्न फक्त किती थांबायचं, हा.

आता तो नियम पुन्हा उघडला आहे. नोव्हेंबरात सभा आहे. गटात दोन तट पडलेत. एक म्हणतो, माणसाची ओळख नंबरला टांगणंच चूक. ती माणसाची स्वतःची असावी, नंबर जावो की राहो. हे काम बरोबर आहे, पण त्याला सात-आठ वर्षं लागतील. दुसरा तट कंपन्यांचा. त्यांना रोज नवे नंबर वाटायचे असतात, जुनं सांभाळत बसायला सवड नसते. मी म्हणतो, मोठं काम होईपर्यंत निदान मुदत वाढवा. तर पहिला तट म्हणतो, ठिगळ लावलंस की मूळ काम कुणी करणार नाही. दुसरा म्हणतो, मोठं काम होणारच आहे ना, मग आत्ता कशाला बदलता? दोघांच्या मध्ये माझं म्हणणं लटकलं आहे.

तुला गंमत वाटेल, आमच्याकडं मतदान नसतं. अध्यक्ष प्रश्न विचारतात आणि ज्यांना पटलं त्यांनी तोंड मिटून हुंकार द्यायचा. कुठला हुंकार मोठा, ते ऐकून ठरवतात. कुणी कुणाच्या दबावाखाली हात वर करू नये, म्हणून ही पद्धत.

आवाजाचं मी बघतो. तू जीवाला लावून घेऊ नकोस.

तुझा,
रवी


चुडावा
१३ जुलै २०२५

चि. रविकांतास,
आशीर्वाद.

"आवाजाचं मी बघतो" हे वाक्य वाचलं आणि किती तरी दिवसांनी पोटभर जेवले.

तुमच्या हुंकाराचं वाचून मात्र मी एकटीच हसले. अरे, ही आमच्या घरातली गोष्ट. मी वाचायला शिकले ती राणीच्या पहिलीच्या पुस्तकावरून, फडावरच्या पाचटाच्या कोपीत बसून. मग किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचायचे. मग गावातल्या ग्रंथालयातून पुस्तक घेऊन हंगामाला जायचे. एक गाडी भरून गेली की दुसरी येईपर्यंत आम्ही बांधावर बसायचो. ते कोयत्याला धार लावायचे, मी मोठ्यानं वाचायचे. वाक्य संपलं की मी थांबायचे आणि ते "हुं" म्हणायचे. हुं आला की पुढचं वाक्य. आला नाही तर समजायचं, डोळा लागला. चौदा हंगाम मी त्यांच्या हुंकारावर वाचलं. माझं शिक्षण ते एवढंच.

तू दोन तटांचं लिहिलंस. मी शहाणी नाही, पण फडात हे रोज असतं. मुकादम ओरडतो, उंचावरून तोडा, सांजच्या आत गाडी भरा. शेतकरी म्हणतो, जमिनीलगत तोडा, पुढच्या साली त्याच बुडख्यातून खोडवा चांगला फुटतो. उंच तोडलं तर कंबर वाकत नाही आणि गाडी लवकर भरते. तुझे मामा जमिनीलगत तोडायचे आणि गाडीही भरायचे. मी म्हणायचे, "दुसऱ्याचं रान हाय, पुढच्या सालचा ऊस आपल्या बापाचा हाय का?" ते म्हणायचे, "आपुन तोडायलोय तवर आपलाच हाय." कंबर दुखायची. रोज मी शेक द्यायचे. दोन्ही करता येतं, रवी, पण दुखतं. तुमच्या दोन्ही तटांतल्या कुणाला दुखवून घ्यायचं नाही, असं मला वाटलं.

तुमच्या नियमात वापरात नसलेला नंबर असं लिहिलंय का? मी तो पेटीत जपत होते. त्याला वापरात नाही कसं म्हणायचं?

एक विचारायचं राहिलं. २०१९ ला तू कशाला हुं म्हणालास?

तुझी,
मामी


पुणे
१० ऑगस्ट २०२५

प्रिय मामी,
नमस्कार.

उशीर झाला, कामाचा ताण फार आहे. साहेब म्हणतात, कंपनीनं तुला सभेला पाठवायचं ते कंपनीचं म्हणणं मांडायला. मी तुझं खोडव्याचं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "छान आहे, पण आपण साखर कारखाना चालवत नाही."

तू एक काम करशील? गावातल्या किती घरांचा नंबर हंगामात बंद पडून खातं गेलं, ते लिहून पाठव. नावं नकोत, नुसतं काय झालं ते. सभेत कुणी तरी खरंखुरं ऐकायला पाहिजे.

राणीच्या बाळाला पापा.

रवी


चुडावा
२७ ऑगस्ट २०२५

चि. रविकांतास,
आशीर्वाद.

माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. असो, कामात असशील.

आठ दिवस घरोघर फिरले. यादी वेगळ्या कागदावर लिहिली आहे, एकतीस घरं. सहा महिने लोक बाहेर, तिकडं रेंज नाही म्हणून दुसरं सिम घेतात, घरचा नंबर तसाच पडतो. परत आले की खातं नवं. जुनं सगळं गेलेलं.

शेजारच्या कडूबाईला विचारलं तर म्हणाली, "आमचा नंबर बी ऊसतोडीला जातोय बाई, फकस्त परत येत न्हाई." सगळ्या हसल्या. मग तीच म्हणाली की थोरल्या पोरीचे लहानपणीचे फोटो त्यात होते, ती आता सासरी आहे. एवढं बोलून शेंगा फोडत बसली.

मुंजाजीचा तर प्रकारच निराळा. त्याचा नंबर पालमच्या एका गड्याला गेला. आता सोयरे त्या गड्याला लग्नाचं आवतण देतात आणि तो जेवून येतो. मुंजाजी म्हणतो, "जाऊ द्या वहिनी, आहेर बी त्योच करतोय!"

तुमच्या मोठ्या माणसांना सांग, हंगाम सहा महिन्यांचा आणि दुःख वर्षाचं. वर्षश्राद्धानंतर पेटी उघडायला बाईला आणखी महिना-दोन महिने लागतात. सरसकट पंधरा महिने धरा. याहून जास्त मी मागत नाही.

बायका मला विचारतात, "कोकिळाबाई, एवढी मरमर कशापायी करायलीस?" मी खरं सांगत नाही. रोज दिवा लावताना म्हणते, नोव्हेंबरात नियम बदलला की रवी आवाज घेऊन येईल. जीवन परवा भेटला होता. आवाज भरला तेव्हा तो जवळच असणार. पुढं काय म्हणाले ते विचारावं असं तोंडापर्यंत आलं, पण नाही विचारलं. दोन वर्षं मी ते टाळलं आहे. दुसऱ्याच्या तोंडून कशाला ऐकू? त्यांच्याच तोंडून ऐकायचं आहे. आता तर दिवसच थोडे राहिले.

तुझी,
मामी


पुणे
१६ नोव्हेंबर २०२५

मामी,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. आता फाडणार नाही.

सभा झाली. मोठ्या दालनात दोनशेच्या वर माणसं होती. मी तुझी यादी इंग्रजी करून वाचली. कडूबाईंचं वाचलं, मुंजाजींचं वाचलं, लोक हसले. नावं न घेता तुझंही वाचलं. मग कुणी हसलं नाही. वाचून झाल्यावर टाळ्या वाजल्या. एका बाईनं डोळे पुसले. मला वाटलं, झालं काम.

अध्यक्षांनी विचारलं, पंधरा महिने हवेत त्यांनी हुंकार द्यावा. मी दिला. माझाच आवाज मला ऐकू आला, मामी. लांबून आणखी दोन-तीन आले असतील. माझे साहेब शेजारीच होते, त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग अध्यक्ष म्हणाले, नव्वद दिवस आहेत तसे राहू द्यावेत त्यांनी. अख्खं दालन घुमलं. ज्या म्हाताऱ्या गृहस्थांना मी गुरू मानतो, तेही त्यात होते. बाहेर आल्यावर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तात्पुरत्या गोष्टीत अडकू नकोस, लांबचं बघ. आणि साहेब म्हणाले, लांबचं कशाला बघतोस, हा महिना बघ.

शेवटी नियमाच्या परिशिष्टात एक वाक्य घातलं: काही समाजांत याहून अधिक काळ लागू शकतो. ते कुणावर बंधनकारक नाही. आता पाच वर्षं तरी नियम उघडणार नाही.

तुझ्या दोन प्रश्नांची उत्तरं मी चोरली होती.

२०१९ ला असाच प्रश्न विचारला गेला होता. एका बाईनं वर्षाची मुदत सुचवली होती. दिवाळीच्या आत नवं अॅप बाजारात आणायचं होतं आणि साहेबांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं, लांबण लावू नकोस. वर्षासाठी हुंकार मागितला तेव्हा मी गप्प बसलो. नव्वद दिवसांसाठी मागितला तेव्हा हुं म्हणालो. ऊसतोडीचा हंगाम सहा महिन्यांचा असतो हे त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं. दोन वर्षं मी तुझ्या घरी राहिलो होतो, तुम्ही दिवाळीनंतर जायचात आणि मी आजीजवळ राहायचो. मला माहीत होतं आणि मी हुं म्हणालो.

दुसरं. नियम बदलला असता तरी मामांचा आवाज आला नसता. पुसलेलं परत येत नाही. हे मला पहिल्या पत्राच्या दिवशीच ठाऊक होतं. "बघतो" म्हणालो, कारण नाही म्हणवेना. त्या एका शब्दावर तू दिवा लावत राहिलीस.

क्षमा मागायची लायकी नाही.

रवी


चुडावा
९ जानेवारी २०२६

चि. रविकांतास,

त्यांना जाऊन परवा तीन वर्षं होतील. तुझं पत्र नोव्हेंबरातच मिळालं होतं. वाचून चुलीत घालायला निघाले होते. घातलं नाही, कारण तुझं अक्षर बारावीत होतं तसंच आहे. पण लिहावंसंही वाटेना. तू दोनदा फोन केलास, मी उचलला नाही. राणीला म्हटलं, सांग मामी रानात गेली.

मला राग हुंकाराचा कमी आणि "बघतो" चा जास्त आला. हुं म्हणालास तेव्हा तुला माहीत नव्हतं की पेटीत काय असणार आहे. बघतो म्हणालास तेव्हा माहीत होतं. पाच महिने मी त्यांना जवळ आलेले समजत होते. ते मला दुसऱ्यांदा गेल्यासारखे झाले.

मग एके दिवशी उठले आणि जीवनकडं गेले. या साली त्याची कंबर गेली म्हणून तो हंगामाला गेला नाही. पट्टा बांधून ओट्यावर बसला होता. मी म्हटलं, "भावजी, बारशाच्या दिवशी त्यांनी आवाज भरला तवा तुमी जवळ होता ना?"

"व्हतो की. फोन म्याच धरला व्हता, वहिनी. त्यांचे हात पाचटानं कापलेले."

"'आन् ऐक' म्हणून पुढं काय म्हणले?"

त्यानं कंबरेचा पट्टा सैल केला. मग म्हणाला, "दोन वर्साखाली इचारलं असतं तर समदं सांगितलं असतं. आता कसं ध्यानात असंल? पोराला टोपडं घ्यायचं म्हणले. ऊस लय दाट हाय म्हणले. पर वहिनी, ते बोलायचे आन् थांबायचे. परत बोलायचे आन् थांबायचे. म्या म्हणलं, आप्पा, थांबायलात कामून? ह्यो काय फोन न्हाई, नुसतं भरायलंय, तिकडून आत्ता आवाज येत नसतोय. तर हसले. म्हणले, तुला काय कळतंय. ती हुं म्हणायलीय."

रवी, एक मिनिट चाळीस सेकंदांतला निम्मा वेळ त्यांनी माझ्यासाठी मोकळा सोडला होता. मी तेव्हा पंगतीत भात वाढत होते.

घरी येऊन दोन दिवस पडून राहिले. मग उठले. जनावरं होती, धारा काढायच्या होत्या.

तुझ्यावरचा राग गेला असं लिहिणार नाही. अजून आहे. पण तुला सोडून दिलेलं नाही, हेही लिहिते. पाच वर्षांनी तो नियम उघडेल. मोठं काम तोवर झालं तर चांगलंच. नाही झालं तर तू पुन्हा पंधरा महिने मागायचेस. मधल्या काळात जे हुं म्हणत नाहीत त्यांच्याकडं एकेकाकडं जायचंस, जसं मी घरोघर गेले. साहेब काय म्हणायचं ते म्हणोत. कंबर दुखेल. कडूबाई दिवाळीनंतर हंगामाला गेली, घरचा फोन या वेळी माझ्याकडं ठेवून. नंबर मरू नये म्हणून मी दर पंधरा दिवसांनी तिला त्यावरून फोन लावते. गल्लीतल्या आणखी सहा जणींचे फोन माझ्या फळीवर आहेत. मला जमतं ते मी करतेय.

संक्रांतीला तिळगूळ पाठवते आहे, राजेश्रीच्या नावानं. तू आलास तर ओसरी आहे. यायच्या आधी फोन कर, आता उचलीन.

आज दुपारी घरात कुणी नव्हतं. पेटीपाशी बसून हे पत्र मी मोठ्यानं वाचलं. दर वाक्य संपलं की थांबले. काही ऐकू आलं नाही. तरी थांबत थांबतच वाचलं, शेवटपर्यंत.

तुझी मामी,
कोकिळा